डोहातली मोजणी

दिवाळी होऊन तीन आठवडे उलटले, तरी यंदा पाणी निवळलं नाही.

श्रावण-भादव्यात गोदावरी चिखलाच्या रंगाची असते. दसऱ्याच्या सुमाराला गाळ बसायला लागतो. मग दिवाळीची गडबड संपते आणि एके सकाळी तोंडात निंबाची काडी घेऊन काठावर उभं राहावं, तर कमरेएवढ्या पाण्याखालची वाळू दिसते. वाळूवरच्या लहरींच्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून पळणाऱ्या बोटाएवढ्या माशाची सावली आधी दिसते आणि मासा नंतर. आमच्याकडे उन्हाळ्याला नाव आहे, पावसाळ्याला आहे, सुगीला आहे. या महिना-दीड महिन्याला कुणी नाव दिलं नाही, कारण त्यात कुणाचं काही पिकत नाही. मी त्याला मोजणीचे दिवस म्हणायचो. पाच वर्षं म्हटलं. यंदा म्हणायला कारण नाही, तरी सवयीनं रोज सकाळी डोहावर जातो. पाणी चहाच्या रंगाचं असतं. वरच्या अंगाला वाळू उपसणारा पोकलेन घरघरत असतो. मी काडी थुंकतो आणि परत येतो.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. बाप दुसऱ्यांची मेंढरं वळायचा. माझी शाळा म्हणजे गेवराईचा बाजार. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायची रीत आता मोडत आली, पण मला ती अजून आवडते. तोंड सहज खोटं बोलतं, बोटाला ते जड जातं. पडेल शेळी बाजाराच्या दिवशी तरतरीत कशी दिसेल, तेलाचा हात कुठून कुठवर फिरवायचा, पाणी कधी पाजायचं म्हणजे पोट भरल्यासारखं वाटेल, हे मला मिसरूड फुटायच्या आधी येत होतं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. घेणाऱ्यालाही देवानं डोळे दिलेले असतात.

पैलतीरावरून जनावरं आणायला मी पत्र्याची एक होडी केली होती. त्या होडीसाठी सावंत मॅडम पहिल्यांदा आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, मूळच्या मालवणच्या, विद्यापीठात शिकवणाऱ्या. मी भाडं सांगितलं. त्यांनी बरोबर निम्मं सांगितलं. मी आवाज चढवला. त्यांनी काठावर बसून डबा उघडला आणि म्हणाल्या, "ओरडून घ्या नानासाहेब. माझा जन्म खलाशांशी घासाघीस करण्यात गेलाय. माझं जेवण होईस्तोवर तुमचंही होईल."

दगडू भोई शेजारी जाळं विणत बसला होता. तो खाली मान घालून हसला. मी म्हटलं, "का बे, दात कावून काढतो?" तो म्हणाला, "न्हाई नाना, आज तुमाला जोड मिळाली."

दगडूचं घर डोहाच्या अगदी डोक्यावर. त्याची बायको गयाबाई डोहातले मासे गेवराईला नेऊन विकते. त्या डोहाशिवाय त्यांना ना रान, ना जनावर. नारायणगडाच्या जत्रेत लोक नवस बोलतात, तेव्हा गयाबाई म्हणायची, "मला काय मागायचं? आमचा देव घराच्या पायरीखाली हाय, रोज पाय बुडवून येते."

मॅडमना डोहातल्या शिंपल्या मोजायच्या होत्या. आम्हाला हसू आलं. शिंपल्या मोजायला विद्यापीठ? मग त्यांनी समुद्राचं सांगितलं. मालवणच्या पाण्याखाली पोवळ्यांची वस्ती आहे. पोवळं म्हणजे झाड नव्हे, दगडही नव्हे. बारीक जिवांनी एकमेकांच्या खांद्यावर बांधलेलं गाव. पाणी जास्त तापलं की आधी त्याचा रंग जातो. पांढरं पडतं, पण लगेच मरत नाही. पांढरं पडून उभं राहतं, पाणी गार होण्याची वाट बघतं. कधी रंग परत येतो, कधी येत नाही. म्हणून दरवर्षी त्याच जागी, त्याच दिवसांत, तीच चौकट तळावर ठेवून जिवंत किती नि मेलेलं किती ते मोजायचं. "एका वर्षाचा आकडा मुका असतो," मॅडम म्हणाल्या. "पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले की बोलायला लागतात."

माझ्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. राग फार, म्हणून एका ज्योतिषानं घालायला लावली. मॅडमनी हात पुढं करायला सांगितला, बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कुणाचं तरी घर होतं."

"मग राहणारा कुठं गेला?"

"मेला. राग कमी झाला का पण?"

दगडू म्हणाला, "राग हाय तसाच हाय मॅडम. बोट तेवढं नटलं."

त्या पहिल्या मोजणीची सकाळ मला अजून दिसते. आयुष्यात हजार वेळा मी त्या डोहात मेंढरं धुतली, पण तळाकडं पाहिलं ते त्या दिवशी. मॅडमनी तळात दहा ठिकाणी लोखंडी सळया ठोकून घेतल्या, म्हणजे पुढच्या वर्षी जागा चुकायला नको. प्रत्येक सळईला टेकवून नळ्यांची चौकट ठेवायची आणि तिच्या आत मोजायचं. जिवंत शिंपी वाळूत उभी रुतलेली असते, वर फक्त दोन ओठ, किंचित उघडे. झोपलेल्या माणसासारखे. आपली सावली पडली की ओठ मिटतात. एका चौकटीत एवढ्या होत्या की दगडू मोजता मोजता दोनदा चुकला. मॅडम पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीनं लिहीत होत्या. पाणी इतकं गार की माझे गुडघे बधीर झाले होते, आणि इतकं निवळ की मॅडमच्या पायाच्या नखांवरचा रंग दिसत होता. गयाबाई काठावरून म्हणाली, "माझी दोन्ही पोरं या शिंपीनं दूध पिऊन मोठी झाली. मोजताय काय नुसतं, जेवायला वाढा त्यान्ला."

"त्याच आपल्याला वाढतात," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या सगळ्या दिवसभर नदी गाळून पितात. तुमचं पाणी निवळतं त्यात यांचा मोठा हात आहे."

त्या वर्षीचा आकडा खरा होता. तेवढा एकच खरा होता.

दुसऱ्या वर्षी मॅडम यायच्या चार दिवस आधी दगडू घरी आला. चहा घेईना. म्हणाला, "नाना, कमी भरतंय."

मी जाऊन पाहिलं. वरच्या गावांनी पावसाळ्याआधी वाळू उपसली होती. मोकळा झालेला गाळ वाहत येऊन आमच्या डोहात बसला होता. सळयांच्या आसपास उघड्या, रिकाम्या शिंपल्या पडल्या होत्या, आतून चांदीसारख्या चकाकणाऱ्या. जिवंत ओठ शोधावे लागत होते.

'कमी भरणं' म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुष्काळात चारा छावणीवर मी माझी जनावरं लावली होती. साहेब मोजायला येणार असं कळलं की आदल्या दिवशी शेजारच्या गावची गुरं आणून दावणीला बांधायची. साहेब मोजायचा, आकडा भरायचा, छावणी चालू राहायची. कमी भरली की बंद. शाळेत पोरं कमी भरली, शाळा बंद. एसटीला माणसं कमी भरली, गाडी बंद. आमच्या मुलखात मोजायला येणारा माणूस बंद करायलाच येतो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, अंगात मुरलं. मॅडमची मोजणी होती म्हणून डोहावर अभ्यासाची पाटी लागली होती, आणि त्या पाटीमुळं वाळूचे ट्रॅक्टरवाले आमच्या काठाला बिचकत होते. मी सरळ हिशेब केला: शिंपल्या कमी भरल्या की मॅडम जाणार, पाटी जाणार, ट्रॅक्टर येणार.

खाली अर्ध्या कोसावर दुसरा डोह आहे, खडकाच्या आड. तिथं गाळ पोचला नव्हता. दगडू आणि मी दोन दिवस तिथून शिंपल्या काढल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून होडीतून आणल्या आणि दहाही सळयांपाशी रोवल्या. मी नुसत्या टाकणार होतो. दगडूनं माझा हात धरला. "आडवी टाकली तर बाई वळखंल," तो म्हणाला, आणि पायाच्या अंगठ्यानं वाळूत चीर पाडून एकेक शिंपी तिच्या अंगानं उभी लावली. रोप लावतात तशी. गयाबाई काठावर कंबरेवर हात ठेवून बघत होती. "पाहुणे यायचे म्हणून शेजारणीची भांडी मांडायची नि आपलीच म्हणायची," ती म्हणाली. "परत द्यायची कवा?"

मॅडमनी मोजलं. त्यांचा चेहरा उजळला. "इतका गाळ येऊनही टिकल्या," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला पोट भरल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर बाजारात चांगला सौदा झाल्यावर वाटतं, तसंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी तेच. प्रत्येक वर्षी आधी आणलेल्या बहुतेक मरून गेलेल्या असायच्या, मग नव्या आणायच्या. चौथ्या वर्षी मॅडम एका चौकटीपाशी बराच वेळ वाकून बसल्या. एकेक शिंपी बोटानं मापत होत्या.

"नानासाहेब, या सगळ्या म्हाताऱ्या आहेत. यांची पोरं कुठायत?"

मी म्हटलं, "गेली आसतील पुण्याला. आमच्या गावातली सगळी तिकडंच गेलीत."

त्या हसल्या, दगडूही हसला. पण पाटीवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा मी पाहिल्या होत्या. मी चौकट उचलून पुढच्या सळईकडं निघालो.

इथं मला माझं एक गाऱ्हाणं मांडायचं आहे आणि ते मी मांडणारच. बाईनं आम्हाला पोवळ्यांचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, शिंपी पाणी कसं गाळते ते सांगितलं. कमी भरलं तरी चालतं, हे एवढं एक वाक्य सांगितलं नाही. कमी भरलेला आकडाच आमच्या बाजूनं उभा राहिला असता, हे सांगितलं नाही. त्यांच्या जगात ते सांगावं लागत नसेल. आमच्या जगात लागतं. मी बाजारात माणूस बघून ओळखतो. त्यांनी चार वर्षांत मला ओळखायला नको होतं का? हे मी आजही विचारतो. दगडूला विचारतो, तर तो जाळ्याची गाठ मारत राहतो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर डोहाच्या वरच्या अंगाची वाळू काढायची परवानगी निघणार, असं कळलं. आता ट्रॅक्टर नव्हे, मोठं यंत्र. भोयांच्या घरांनी हरकत घेतली. गेवराईला कचेरीत सुनावणी ठेवली. मॅडम चार वर्षांचं टिपण घेऊन आल्या. मी इस्त्रीचं धोतर नेसून गेलतो. दगडू नि गयाबाई भिंतीला टेकून उभे होते.

साहेबानं टिपण चाळलं आणि वाचून दाखवलं. वर उपसा झाला, गाळ आला, तरी भोयांच्या डोहात शिंपल्यांची संख्या चार वर्षं कायम. "म्हणजे उपशानं डोहाला काही झालेलं दिसत नाही. तुमच्याच मॅडम सांगतात."

मॅडम म्हणाल्या, "संख्या कायम आहे, पण त्यात लहान एकही नाही. वस्ती म्हातारी होतेय."

"आहेत की नाहीत, तेवढं सांगा."

"आहेत," मॅडम म्हणाल्या.

दगडूनं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पंधरा दिवसांनी निकाल, असं सांगून साहेब उठला.

आवारात निंबाखाली चहाची गाडी होती. तिथं मी मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी त्यांची चूक आणि मग आमची. त्या ऐकत राहिल्या. हातातला चहा गार झाला. मला वाटलं ओरडतील, मग मीही ओरडेन, आणि मधेच कुठंतरी सौदा जमेल. त्या ओरडल्या नाहीत.

"खालच्या डोहात आता किती राहिल्यात?" त्यांनी विचारलं.

मी रिकामा हात दाखवला. खालचा डोह आम्ही तीन वर्षांत रिकामा केला होता. जिथं गाळ पोचला नव्हता, तिथं आमचे हात पोचले होते.

मग त्या म्हणाल्या, "पहिलं वर्ष खरं आहे. यंदाची मोजणी खरी करा, निकालाच्या आधी. मधली तीन वर्षं मी लेखी मागे घेते. दोन आकडे तरी शेजारी ठेवता येतील." त्यांना त्याच दिवशी मालवणला निघायचं होतं. तिकडचं पाणीही याच दिवसांत निवळतं, पोवळी मोजायची असतात, तो दिवस पुढं ढकलता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी दगडू आणि मी पाण्यात उतरलो. पाणी असं निवळ होतं की सळईवरचा गंज दिसत होता. दहा चौकटी ठेवल्या. तीन चौकटींत काहीच नव्हतं. बाकीच्यांत कुठं एक, कुठं दोन. हाताची बोटं पुरली. मी कागदावर लिहिलं आणि संध्याकाळी मॅडमना फोन लावला. मागं समुद्राचा आवाज येत होता. मी आकडे सांगितले.

त्या म्हणाल्या, "फोटो काढले? चौकट आणि सळई दोन्ही दिसायला हवीत."

"फोटो कशाला? मी सांगतोय न्हाई का?"

"नानासाहेब, तुमच्या सांगण्यावरच माझी तीन वर्षं गेली."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, गेवराईच्या बाजारात माझ्या शब्दावर जनावरं सुटतात, पैलतीरावरचे लोक मला पाहून दावं सोडतात, आणि तुम्ही मला फोटो मागता. आणखीही बरंच बोललो. मग फोन ठेवला. त्यांचा दोनदा आला, मी उचलला नाही.

चार दिवस मी डोहाकडं फिरकलो नाही. ते चार दिवस फार सुंदर होते, हे सांगताना जीभ अडखळते. सकाळी धुकं, मग कोवळं ऊन. तुरीला पिवळा फुलोरा, ज्वारी गुडघ्याला आलेली. मी आठवड्याच्या बाजाराला गेलो, एका मेंढ्यासाठी दोन तास भांडलो, आणि जिंकूनही तो घेतला नाही. मॅडमनी पुन्हा फोन करून माफी मागावी, मग काढू फोटो, असं मनात धरून बसलो होतो. भाव ताणायचा असतो तेव्हा उठून चालायला लागायचं, मग गिऱ्हाईक मागून हाक मारतं. आयुष्यभर हेच केलं.

पाचव्या दिवशी गयाबाई दारात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"नाना, तो फोटू काढायचा व्हता म्हणं."

"त्या बाईला माझ्यावर इस्वास न्हाई. तिला गरज आसंल तर यील."

"तिला कशाची गरज? तिच्याजवळ समुंदर हाय. हितलं मेलं तर ती तिकडं मोजंल." तिनं पदर खोचला. "आमच्या घरी बटनाचा फोन हाय, त्यात फोटू निघत न्हाई. न्हाईतर तुमच्या दारात आले नसते. तुमचा राग तुमाला परवडतो, आमाला लई महाग पडतो."

मी म्हटलं उद्या सकाळी येतो. ती म्हणाली, "आज कावून न्हाई?" ऊन कलायला लागलं होतं, फोटो नीट येणार नाही, असं मी सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

निकाल व्हायला अजून दिवस होते. पण निकालाची वाट बघायची रीत आमच्याकडं पोकलेनला नाही. परवानगी यायच्या आधी यंत्र उतरवायला वाट लागते, आणि वाट करायला परवानगी लागत नाही, असं पुढं कचेरीतून कळलं. मी सकाळी डोहावर पोचलो तेव्हा वरच्या अंगाला काठ फोडून नदीत उतार टाकायचं काम चालू होतं. दगडू गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याचे पाय दिसत नव्हते.

"कवापासून?"

"दिस उगवायला."

मी पाण्यात उतरलो. चौकट दगडूनं अंदाजानं सळईला टेकवली. मी फोटो काढला. फोनवर बघितला: तपकिरी पाणी, त्यात पांढऱ्या नळीचा एक कोपरा. दुसरी जागा, तिसरी जागा. दहाही ठिकाणचे काढले, दहाही सारखेच. तिथूनच मॅडमना पाठवून दिले. थोड्या वेळानं उत्तर आलं, "मिळाले." त्याखाली काही नव्हतं. मी पुष्कळ वेळ फोनकडं बघत राहिलो, काहीतरी बोलतील म्हणून. भांडल्या असत्या तरी चाललं असतं.

"नाना," दगडू म्हणाला. तो वाकून तळ चाचपत होता. "हाताला लागली एक. जिती हाय, मिटली बघा."

त्यानं ती वर काढली. तळहाताएवढी, काळपट हिरवी, ओठ घट्ट दाबलेले, कडेनं पाणी ठिबकत होतं. मी फोन उचलला. मग खाली केला. हातातली शिंपी कुठूनही आणलेली असू शकते. हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?

"राहू दे," मी म्हटलं.

दगडूनं मान हलवली. पुन्हा वाकला, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, गालाला पाणी लागलं तसा चेहरा वळवून आभाळाकडं केला आणि बोटांनी चीर पाडून ती तिच्या अंगानं रोवली. कुठं रोवली, ते मला दिसलं नाही. त्यालाही दिसलं नसणार.